जंतरावांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस,
मुक्काम : कुत्र्याचं लहान आतडं,
यांस नळदुर्गहून स. न. वि. वि.

आपलं नाव एका दमात घेता येत नाही, म्हणून यापुढे जंतराव म्हणतो. राग नसावा. पट्टकृमींच्या खानदानात आपण दिसायला अगदी किरकोळ. आपले काही भाऊबंद कैक मीटर लांब होतात. आपण तीन ते सहा मिलिमीटर, तीन-चार पेरांचे. एकेका कुत्र्याच्या पोटात आपण हजारोंनी राहता आणि त्या बिचाऱ्याला पत्ता लागत नाही. ते खातं-पितं, शेपूट हलवतं, घरातल्या लेकराचं तोंड चाटतं. भाडं बुडवायचं आणि वर घरमालकाला खूश ठेवायचं, असा भाडेकरू अख्ख्या पुण्यात मिळायचा नाही.

पत्र लिहिण्यास कारण की, आपले दिवस पालटल्याचं कळलं. आजवर आपला वावर खाटकाच्या दुकानामागं, उकिरड्यावर, फार तर धनगराच्या वाड्यावर. आता आपल्याला फ्लॅटमध्ये आमंत्रण आहे म्हणे. तेही रबरी बुडाच्या, न घसरणाऱ्या भांड्यातून. आणि आमंत्रण देणारे चांगले शिकलेले लोक आहेत, याचं मला विशेष कौतुक वाटतं. अडाण्यांच्या जिवावर आपण तरी किती दिवस काढायचे?

पौष पौर्णिमेला आमच्याकडे मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. देव अणदूरहून इथं मुक्कामाला आलेले असतात, आणि नळदुर्ग सोडून गेलेली आमची पोरंही त्या निमित्तानं येतात. पूर्वी त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर आजी असायची. हल्ली हस्की असतो. सैबेरियातला जीव बोरी नदीच्या काठी! पौषात त्याचं कसंबसं निभतं. मे महिन्यात आणू नका, एवढं मी बजावून ठेवलंय. गेल्या यात्रेला पुतण्याच्या गाडीतून हस्कीबरोबर थर्मोकोलचा डबाही उतरला. उघडून बघतो तर बर्फ, आणि बर्फात पुड्या. कच्ची कलेजी, कच्ची वजडी, फुप्फुसाचे तुकडे, कोंबडीच्या माना. ‘‘काका, ह्याला आम्ही रॉवर शिफ्ट केलंय,’’ पुतण्या म्हणाला.

मग व्याख्यान झालं. मी ते निमूट ऐकलं, कारण घरी आलेल्या पुतण्याचं व्याख्यान ऐकायचंच असतं. ऑस्ट्रेलियात इयन बिलिंगहर्स्ट नावाचे पशुवैद्य आहेत. त्यांनी १९९३ मध्ये ‘गिव्ह युवर डॉग अ बोन’ हे पुस्तक काढलं: कुत्र्याला डब्यातलं, पिशवीतलं अन्न बंद करा, कच्चं मांस, कच्ची हाडं, आतले अवयव, थोडा भाजीपाला द्या. या पंथाला ‘बार्फ’ म्हणतात. पिशवीतल्या अन्नावरचा त्यांचा राग मला समजतो. २००७ मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइन निघालं आणि अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली, ही काही दंतकथा नाही. पण कारखान्यावर विश्वास उरला नाही म्हणून सरळ खाटकाच्या टोपलीवर विश्वास टाकायचा, ही उडी मारायला फार मोठं काळीज लागतं. कच्चंच असणार ते.

‘‘हा मुळात लांडगाच आहे, काका,’’ हे त्याचं शेवटचं वाक्य. जंतराव, हे वाक्य ऐकून आपल्याला गुदगुल्या झाल्या असतील. लांडगा काही आम्हाला टीव्हीवर बघावा लागत नाही. सोलापूरपलीकडे नान्नजच्या माळरानावर तो आहे. धनगराची शेळी उचलतो, काळविटामागं धावतो, आणि काहीच नाही मिळालं तर बोरंही खातो. त्याच्या पोटातही जंत असतात. फरक इतकाच, की तो रात्री कुणाच्या अंथरुणात शिरून झोपत नाही आणि कुणी त्याच्या नाकाचा मुका घेत नाही. शिवाय कुत्रं आता लांडगा राहिलेलं नाही, हे स्वीडनमधल्या एरिक अॅक्सेलसन आणि मंडळींनी २०१३ मध्येच जनुकं मोजून दाखवलं. पिठूळ अन्न पचवणारं अमायलेज ज्या जनुकामुळं बनतं, त्याच्या प्रती लांडग्याकडे दोन. कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या चुलीशेजारी हजारो वर्षं बसून त्यानं कमावलेली ही इस्टेट आहे. भाकरीचा तुकडा पचवायला शिकलं, म्हणून ते कुत्रं झालं. पण हे पुतण्याला सांगू नका. हस्कीला वाईट वाटेल.

आता गंमत बघा. ज्या देवाच्या यात्रेला हा हस्की आला, त्या देवाचंही कुत्रं आहे. घोड्यावर खंडोबा, आणि घोड्याच्या पायाशी कुत्रं. घरोघरच्या टाकावर ते कोरलेलं असतं. चंपाषष्ठीला देवाला नैवेद्य असतो ठोंबऱ्याचा, म्हणजे शिजवलेले जोंधळे, वर दही-मीठ. कणकेचा रोडगा आणि वांग्याचं भरीत. त्यातला वाटा कुत्र्याला घालायची रीत आहे. वाघ्ये तर स्वतःलाच देवाचं कुत्रं म्हणवायचे, कोटंब्यात वाढलेलं भुंकत खायचे. (भरतातला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला बाधतो, हे आजचे पशुवैद्य सांगतील आणि ते खरं आहे; तेवढा वगळून घाला.) शेजारच्या लातूर जिल्ह्यात जानवळला कारवानी कुत्री सांभाळतात. सशामागं बाणासारखा सुटणारा, कमरेत आवळलेला तो शिकारी गडी घरी येऊन काय खायचा? ज्वारीची भाकरी आणि दूध. कुणी त्याला ‘शिफ्ट’ केलं नव्हतं. घरात जे शिजायचं तेच त्याला मिळायचं. आणि शिजलं होतं म्हणून, जंतराव, त्या दारानं आपल्याला आत येता आलं नाही.

दुसरं दार मात्र उघडं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. बाणाई धनगरांची लेक, खंडोबानं तिच्या मेंढरांची राखण केली आणि लग्न इथं नळदुर्गातच लागलं, असं आमच्याकडे सांगतात. त्या धनगरांच्या वाड्यावरचं कुत्रं रोज भाकरीच खायचं. पण वाटेत मेंढरू मेलं, की त्याचं पोट फाडून आतलं कुत्र्यापुढं पडायचं. त्या मेंढराच्या कलेजीत, फुप्फुसात पाण्यानं भरलेल्या पांढऱ्या गाठी असतील, तर तो आपलाच मुक्काम. एकेका गाठीत आपल्या जातीची हजारो मुंडकी. कुत्र्यानं ती गिळली, की सहा-सात आठवड्यांत आपण त्याच्या आतड्यात वयात येता आणि अंडी द्यायला लागता. अंडी विष्ठेतून बाहेर, तिथून गवतावर, गवतातून पुन्हा मेंढराच्या पोटात. छान चाललं होतं आपलं. आमचा मे महिनाच काय तो आपल्या अंड्यांना सोसत नाही. नुसत्या उन्हानं मरतात.

पण आपला खरा आश्रयदाता दुसराच आहे, आणि त्याच्याबद्दल बोलायलाच मी हे पत्र लिहायला बसलो. रविवारी सकाळी कुठल्याही तालुक्याच्या गावात मटणाच्या दुकानापुढं उभे राहा. गिऱ्हाईक चोखंदळ असतं. बोकड बघून घेतं, मांडीचं मागतं, नळी मागतं, कलेजी उलटी-पालटी करून बघतं. कलेजीवर पाण्याचा फोड दिसला, की ‘‘हे नको.’’ खाटीकही भला माणूस असतो, तो वाद घालत नाही. फोडाचा भाग सुरीनं कापतो आणि बाजूला टाकतो. तिथं पायरीशी कुत्रं बसलेलंच असतं. माणसानं नेमका जो तुकडा नाकारला, नेमका तोच तुकडा, ताजा, कोमट, त्याच्या तोंडात जातो. आपल्यासाठी याहून चोख व्यवस्था सरकारनंसुद्धा केली नसती.

आणि आता त्याच दुकानापुढं पुतण्याची गाडी थांबते. काच खाली होते, आणि आमच्या भाषेतलं, आपल्याला सर्वांत प्रिय असलेलं वाक्य कानावर येतं: ‘‘कुत्र्यासाठी पाहिजे होतं.’’ या वाक्याला दुकानात ठरलेला अर्थ आहे. स्वस्तातलं द्या, राहिलेलं द्या, माणूस घेत नाही ते द्या. खाटीक टोपलीत हात घालतो. मघाशी नाकारलेली कलेजी, फुप्फुस, तिल्ली, जे पायरीवरच्या मोत्याला फुकट मिळणार होतं, ते पिशवीत भरून, पैसे मोजून, एसी गाडीतून निघतं. बिलिंगहर्स्टसाहेबांचं पुस्तक ऑस्ट्रेलियाचं, पण माल आमच्या टोपलीतला. तिथं तपासणी करून शिक्का मारलेलं मांस मिळतं. इथं शिक्का म्हणजे खाटकाचा शब्द.

आमच्या उस्मानाबादी शेळीवर मात्र मी आळ येऊ देणार नाही. काळीभोर, जुळी देणारी, दुष्काळात घर तारणारी ही शेळी. बोकड कोवळा असतानाच कापतात, आपल्याला गाठ वाढवायला वेळच मिळत नाही. महाराष्ट्रातल्या कत्तलखान्यांत ज्यांनी बघितलं त्यांना आपण शेळ्या-मेंढ्यांत क्वचित आणि गुरा-म्हशींत बरेच जास्त सापडलात. आपल्याला म्हातारी जनावरं मानवतात. २०१५ पासून राज्यात बैलही कापता येत नाही, म्हणजे शहरातला श्वानप्रेमी ज्याला ‘बीफ’ म्हणतो ते निघतं म्हशीचं, आणि कापायला येते ती बहुधा आयुष्यभर दूध देऊन थकलेली म्हैस. बारा-पंधरा वर्षं वाढलेल्या गाठी! ‘ऑर्गन मिक्स’ नावाची जी पिशवी विकतात, तिच्यावर मी आपला फोटो छापला असता.

पुढचं आपण जाणताच, पण पत्र अनावृत आहे, बाकीचेही वाचतील, म्हणून लिहितो. कुत्रं ढुंगण चाटतं, मग अंग चाटतं, मग आपल्या लाडक्या माणसाचा चेहरा चाटतं. आपली अंडी कुत्र्याच्या केसांना चिकटलेली असतात. लेकरू त्याच्या मानेत हात घालतं आणि त्याच हातानं बिस्कीट खातं. पोटात अंडं फुटतं, आतली अळी रक्तातून कलेजीत जाते. दहातल्या सातांच्या कलेजीत, दोघांच्या फुप्फुसात. तिथं आपण सावकाश, वर्षानुवर्षं, गाठ फुगवत बसता. माणसाला काही कळत नाही. पंधरा वर्षांनी उजव्या बरगडीखाली जड वाटतं, सोलापूरला नेऊन सोनोग्राफी होते, आणि पडद्यावर लिटरभर पाण्याची पिशवी दिसते. मग अल्बेंडाझोल, सुईनं पाणी काढणं, नाहीतर ऑपरेशन. आणि ऑपरेशन करणारा श्वास रोखून, कारण गाठ आत फुटली तर अंगभर अशी रिअॅक्शन येऊ शकते, की माणूस टेबलावरच जाईल.

यातला सगळ्यांत खट्याळ भाग असा, की मटण खाऊन आपण माणसाला होत नाही. गाठीची कलेजी माणसानं कच्ची खाल्ली तरी ही गाठ व्हायची नाही. ती होते कुत्र्याच्या पोटातून आलेल्या अंड्यांनी. म्हणजे घरात पाळलेलं कुत्रं कच्च्या आहारावर असेल, तर गळ्यात तुळशीची माळ घालणाऱ्या आजीलाही आपण होऊ शकता. अंगणातल्या कोथिंबिरीवरून, मेथीवरून. आयुष्यात अंड्याला न शिवलेली बाई, आणि तिच्या कलेजीत म्हशीच्या कलेजीतला पाहुणा. जात-धर्म-आहार यांतलं काहीही न मानणारे एवढे पुरोगामी आपणच.

आपल्याला कुणी हाकललंच नाही असं नाही. १८६३ मध्ये हाराल्ड क्राबे नावाचा डॅनिश गृहस्थ आइसलँडला गेला, तिथली कुत्री चिरून त्यानं बघितली, तर चारांतल्या एकाहून जास्त कुत्र्यांत आपण. त्यानं एक पुस्तिका लिहिली, ती घरोघर वाटली गेली. आइसलँडचे लोक हिवाळाभर घरात बसून वाचणारे. त्यांनी ती वाचली. सांगितलं होतं एवढंच: कापलेल्या जनावराचं आतलं कुत्र्याला घालू नका, पुरा नाहीतर जाळा. १८९० मध्ये कायदा झाला. १९२४ मध्ये राजधानी रेक्याविकनं शहरात कुत्रं पाळायलाच बंदी घातली आणि ती साठ वर्षं टिकवली. आपण तिथून गेलात. न्यूझीलंडनं १९५९ मध्ये खास आपल्या नावाचा कायदा केला, कच्चं आतलं कुत्र्याला घालणं गुन्हा ठरवलं, कुत्र्यांना जंताचं औषध सक्तीचं केलं, आणि २००२ मध्ये आपण गेल्याचं जाहीर केलं. तिथले मेंढपाळ चाळीस वर्षं आतडी उकळत बसले. पुतण्याला हे सांगितलं, तर म्हणाला, ‘‘काका, ते जुनं झालं.’’ बरोबर आहे. आपण तिथून गेलात, म्हणूनच तिथं ते जुनं झालं.

आपण एकटेच आहात असा गैरसमज नको. त्या पुड्यांतून आपले सोबतीही येतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०१० ते २०१२ या काळात पाळीव प्राण्यांच्या कच्च्या अन्नाचे १९६ नमुने तपासले: १५ मध्ये सॅल्मोनेला, ३२ मध्ये लिस्टेरिया. तेही पाकीटबंद, नीट गोठवलेलं. अमेरिकन पशुवैद्यक संघटनेनं २०१२ मध्ये कच्चं घालू नका असं ठरावानं सांगितलं. हाडं न घालता नुसतं मांस घातलं, तर पिल्लाच्या हाडांतलं कॅल्शियम जातं आणि पाय वाकतात, हा वेगळा हिशेब. पण मला यातलं सगळ्यांत बोलकं उदाहरण नागपूरचं वाटतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले. तपासणीत निघाला बर्ड फ्लू, आणि संशय गेला त्यांना घातलेल्या कोंबडीवर. त्यानंतरच्या महिन्यात इकडे उदगीरला कावळे पटापटा मरून पडले, तिथंही तोच. वाघ, जंतराव! ज्याच्या पूर्वजांनी चूल बघितली नाही, त्याला आमच्या बाजारातली कोंबडी झेपली नाही. हस्कीला झेपेल, कारण तो लांडगा आहे.

‘‘आम्ही फ्रीझ करतो,’’ असंही पुतण्या म्हणाला. उणे वीसला काही दिवस सलग गोठवलं तर आपल्या गाठी मरतात, हे खरं. सॅल्मोनेला नाही मरत. पण ‘सलग’ या शब्दावर आमची वीज हसते. सकाळी गेली ती दुपारी आली, फ्रीजमधला बर्फ वितळून पुन्हा जमला, आणि हे वितळणं-जमणं पुण्याहून नळदुर्गपर्यंत थर्मोकोलच्या डब्यातही झालंच. डबा उघडला तेव्हा पुड्यांखाली लाल पाणी साचलेलं होतं. ते पुसायला माझ्या भावजयीनं ओट्यावरचंच फडकं घेतलं.

एक न्याय मात्र करतो. हस्कीवाले थोडे आहेत, हौशी आहेत, आणि बरेच जण कुत्र्याला वेळेवर डॉक्टरकडे नेतात. आपली भरभराट त्यांच्यामुळं नाही. ती दुकानामागच्या नाल्यामुळं आहे, जिथं गावोगाव रोजच्या रोज आतडी पडतात. कापण्याच्या जागेला भिंत नाही, खड्डा नाही, आणि उघड्यावर कापलेलं जनावर बघायला पशुवैद्य येत नाही. तो नाला बुजवायला पाहिजे याबद्दल कुणाचं दुमत नसतं, आणि म्हणूनच तो बुजत नाही. शिकलेल्या माणसाकडून माझी अपेक्षा एवढीच होती, की तो त्या नाल्याची तक्रार करील. त्यानं नाला घरी आणला आणि त्याला आहार म्हटलं.

आपल्याला भीती कशाची वाटते, तेही लिहून ठेवतो. प्राझिक्वांटेलची गोळी, डॉक्टर वजन बघून देतात, त्यांनी सांगितलेल्या मुदतीनं, आणि आपण आतड्यातून सुटता. (तेव्हाची विष्ठा जाळायची किंवा खोल पुरायची, आपण मरता, अंडी मरत नाहीत.) आणि दुसरं म्हणजे जर्मनचं पातेलं. त्यात पाणी, पाण्यात कलेजी, अर्धा तास रटरटू द्यायची, हाडं काढायची, भाकरी कुस्करायची. यासाठी ऑस्ट्रेलियाचं पुस्तक लागत नाही.

पौषात पुतण्या पुन्हा येणार आहे, हस्कीही येईल. थर्मोकोलचा डबा उतरला की मी तो थेट चुलीवर रिकामा करणार. पुतण्या चिडेल, त्याचं मी बघून घेईन. हस्की रस्सा ओरपील, ते मला माहीत आहे. गेल्या खेपेला पुतण्या देवळात गेल्यावर दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यानं. आपण आपल्या मुक्कामाची सोय दुसरीकडे बघावी.

कळावे,
एक नळदुर्गकर